चितळाच्या शिंगांत वयाचा वाटा किती आणि वंशाचा किती?

बोरिवली_पूर्व यांचा प्रश्न

नमस्कार. मी बोरिवलीत राहते आणि गेली तीन वर्षे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात सकाळी फिरायला जाते. माझा नववीतला मुलगा सुट्टीच्या दिवशी सोबत येतो आणि त्याच्या हातात कॅमेरा असल्यामुळे आमचे फिरणे म्हणजे बहुतेक वेळा थांबणेच असते. रस्त्याच्या कडेला दिसणाऱ्या चितळांच्या कळपातला एक नर आम्ही उजव्या कानाच्या चिरेवरून ओळखतो. मुलाने त्याचे नाव ‘कानफाट्या’ ठेवले आणि म्हणीप्रमाणे ते पडले ते पडलेच.

पहिल्या वर्षीच्या छायाचित्रांत त्याच्या डोक्यावर वीतभर लांबीचे, फाटे नसलेले दोन सरळ काटे आहेत. दुसऱ्या वर्षी प्रत्येक शिंगाला तीन टोके आली, पण शिंगे अगदीच किरकोळ होती. यंदाही टोके तीनच आहेत, मात्र शिंगे हातभर लांब झाली असून बुंध्याशी चांगली जाड दिसतात. डाव्या शिंगाचा कपाळाजवळचा फाटा दोन्ही वर्षी आतल्या बाजूला वळलेला आहे.

आमच्या इमारतीतले, मूळचे जुन्नरकडचे एक काका सांगतात की हरणाच्या शिंगाला दरवर्षी एक फाटा फुटतो आणि त्यावरून वय मोजता येते. मुलाच्या शिकवणीचे सर म्हणतात की वय वगैरे काही नाही, हा सगळा रक्ताचा खेळ आहे. दोघांचेही म्हणणे आमच्या छायाचित्रांशी जुळत नाही. त्याच कळपात मानेने भरदार आणि चेहऱ्याने काळवंडलेला एक नर आहे. तो वयस्कर वाटतो, पण त्याची शिंगे कानफाट्यापेक्षा आखूड आणि टोकांशी बोथट आहेत. शिवाय एकाच सकाळी एका नराची शिंगे कडक, दुसऱ्याची मखमलीत (वाढत्या शिंगावरच्या लवदार कातडीत) आणि तिसऱ्याच्या डोक्यावर काहीच नाही, असेही आम्ही पाहिले आहे. जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

टेकडीमास्तर यांचे उत्तर

ताई, नमस्कार. एकाच नराची तीन वर्षांची ओळखीची छायाचित्रे फार थोड्यांकडे असतात. मुलाला ती तारखेसह जपून ठेवायला सांगा.

मी मुंबईतील एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवत असे. मराठीत आपण सरसकट ‘शिंग’ म्हणतो, त्यामुळे बैलाचे शिंग आणि चितळाचे शिंग एकाच घडणीचे असावे असे विद्यार्थ्यांना वाटे आणि पुढचा सगळा गोंधळ तिथूनच सुरू होई. बैल, गवा, काळवीट, चौशिंगा यांचे शिंग म्हणजे आत हाडाचा गाभा आणि वर नखाच्या द्रव्याचे पोकळ म्यान असते. ते बुडाकडून वाढते आणि आयुष्यभर टिकते. चितळ, सांबर, भेकर आणि बारशिंगा यांचे शिंग हे भरीव हाड असते, ते कपाळाच्या हाडावरील दोन खुंटांवर उगवते, टोकाकडून वाढते आणि पुढे गळून पडून पुन्हा नव्याने येते. म्हणजे कानफाट्याच्या डोक्यावर यंदा जे आहे ते गेल्या वर्षीच्या शिंगात पडलेली भर नसून, मुळापासून उभारलेले संपूर्ण नवे बांधकाम आहे. जुन्या शिंगावर नवा फाटा फुटण्याचा प्रश्नच त्यामुळे उद्भवत नाही.

चितळ आणि सांबर या दोन्ही जातींत प्रौढ नराच्या प्रत्येक शिंगाला तीन टोके असणे हा जातीचाच साचा आहे: कपाळावरचा एक फाटा आणि मुख्य दांड्याच्या वरच्या टोकाची दोन पाती. बुंध्याशी एखादे जास्तीचे बारीक टोक कधी कधी दिसते, पण ते वयाचे चिन्ह नव्हे. बारशिंग्याचा साचा निराळा असल्यामुळे त्याला दहा-बारा किंवा त्याहून अधिक टोके येतात, आणि भेकराची शिंगे लांब, केसाळ खुंटांवरची आखूड टोकेच राहतात. काकांच्या हिशेबाने पाहिले तर आपल्या उद्यानातले प्रत्येक भेकर जन्मभर तान्हेच ठरेल.

वयाचा परिणाम मात्र नक्की होतो, आणि तो मोजायचा असेल तर लांबी, दांड्याची जाडी आणि एकूण वजन यांकडे पाहावे लागते. पहिल्या जोडीच्या वेळी नराचे स्वतःचे शरीरच वाढत असते. हाडे, स्नायू आणि दात यांची गरज भागल्यावर जे उरते तेवढेच शिंगांच्या वाट्याला येते, म्हणून ती जोडी बहुधा साध्या काट्यांवर भागते. उत्तर अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीच्या हरणांवर याचा पुष्कळ अभ्यास झाला आहे. त्यांच्यात दीड वर्षाच्या नराची शिंगे त्याच्या भरातल्या शिंगांच्या साधारण पाव हिश्श्याएवढी असतात, पुढच्या जोडीत ती निम्म्याच्या वर जातात आणि पाच ते सात वर्षांच्या दरम्यान कमाल आकार गाठतात. त्यानंतर उतार लागतो. दात झिजल्यामुळे चारा नीट दळला जात नाही, अंगावर पूर्वीसारखे धरत नाही, आणि शिंगे आखूड किंवा ओबडधोबड येऊ लागतात. तुमचा भरदार मानेचा नर बहुधा या उताराला लागला असावा. बोथट टोके मात्र म्हातारपणाचाच पुरावा मानू नका, कारण झाडांवर आणि जमिनीवर शिंगे घासून तरुण नरांचीही टोके झिजतात.

राहिला एकाच सकाळी तीन अवस्था दिसण्याचा प्रश्न. थंड प्रदेशातील हरणांचे शिंगांचे वेळापत्रक दिवसाच्या लांबीवर बांधलेले असते. सिका जातीच्या हरणांना कृत्रिम उजेडात ठेवून प्रकाशाचे ‘वर्ष’ आखूड केले, तेव्हा त्यांनी एका खऱ्या वर्षात एकाहून अधिक वेळा शिंगे बदलली, असे प्रयोगांत दिसून आले आहे. मुंबईत सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास आणि सर्वांत लहान दिवस अकरा तासांचा, म्हणजे फरक जेमतेम सव्वादोन तासांचा. इतक्या सौम्य खुणेवर सगळा कळप एका तालात येत नाही. चितळांची पाडसे वर्षभरात केव्हाही जन्मू शकतात आणि कडक शिंगांचे नर बाराही महिने सापडतात. काही महिन्यांत त्यांची संख्या वाढते, एवढेच. म्हणून दोन नरांची तुलना करताना दोघांचीही शिंगे पूर्ण कडक झालेली आहेत ना, हे आधी पाहावे. अर्धवट वाढलेल्या शिंगावरून ‘याचा वंशच कमजोर’ म्हणणे म्हणजे जुलैत आंब्याला फळ नाही म्हणून कलम खोटे ठरवण्यासारखे आहे.

पशुवैद्य_वसई यांचे उत्तर

मास्तरांनी लिहिलेल्या उत्तराला शरीराच्या बाजूने थोडी जोड देतो.

उपचारासाठी बेशुद्ध केलेल्या एका सांबराचे मखमलीतले शिंग मी एकदा हाताने चाचपले होते. ते तापलेल्या कपाळासारखे गरम लागत होते, वरची लव अगदी मऊ होती आणि टोक कोवळ्या कणसासारखे बोटाखाली दबत होते. त्या टोकाशी कूर्चा तयार होत असते आणि मागून तिचे हाड होत जाते. वापिती किंवा मूस यांसारख्या मोठ्या हरणांत ऐन भरात ही वाढ दिवसाला दोन सेंटिमीटरपर्यंत जाते. सस्तन प्राण्यांत इतक्या वेगाने हाड अन्यत्र कोठेही वाढत नाही. एवढे कॅल्शियम आणि फॉस्फरस रोजच्या चाऱ्यातून पुरे पडत नाही, म्हणून शरीर ते स्वतःच्या सांगाड्यातून, विशेषतः बरगड्यांतून, उसने घेते आणि शिंग पूर्ण झाल्यावर पुन्हा भरून काढते. त्या काळात नराच्या बरगड्या खरोखरच विरळ झालेल्या असतात. तरुण नराला हे उसने झेपत नाही आणि म्हाताऱ्याला ते फेडता येत नाही; वयाचा परिणाम मी तरी असाच समजून घेतला आहे.

या सगळ्याचा लगाम टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाच्या हाती असतो. त्याचे प्रमाण वाढले की शिंग कडक होते, रक्तपुरवठा थांबतो, मखमल सुकून लक्तरांसारखी लोंबते आणि नर ती झाडांवर घासून काढतो. प्रमाण उतरले की खुंट आणि शिंग यांच्या सांध्यातले हाड विरघळते आणि शिंग गळते. लहानपणीच खच्ची केलेल्या नराला शिंगे येतच नाहीत. कडक शिंगे असताना खच्ची केले तर ती काही आठवड्यांत गळतात आणि नंतर आलेली शिंगे कायम मखमलीतच राहतात.

डाव्या फाट्याबद्दल माझा अंदाज असा की तिथल्या खुंटाला लहानपणी मार बसला असावा. मखमलीतल्या शिंगाला इजा झाली तर दोष त्याच जोडीपुरता राहतो आणि शिंग गळाले की जातो. खुंटच दुखावला असेल तर तो दरवर्षी त्याच बाजूला उमटत राहतो. एक विचित्र गोष्टही सांगून ठेवतो: मागच्या पायाला मोठी जखम झाली की वाकडेपणा अनेकदा विरुद्ध बाजूच्या शिंगात दिसतो. कानफाट्या उजव्या मागच्या पायाने लंगडतो का, हे जुन्या चित्रफितींत जरूर पाहा.

बोरिवली_पूर्व

दोघांचेही मनापासून आभार. चित्रफिती पाहिल्या, तो लंगडत नाही. म्हणजे खुंटाचा अंदाजच बरोबर असावा. पण मग रक्ताचा वाटा काहीच नाही का? सरांचे म्हणणे सगळेच चुकीचे, असे मुलाला सांगायला मी कचरते आहे. आणखी एक: मागच्या महिन्यात मुलाला वाटेवर गळालेल्या शिंगाचा एक तुकडा दिसला. त्यावर छिन्नीने खरवडल्यासारख्या समांतर खुणा होत्या. आम्ही छायाचित्र काढून तो तिथेच ठेवला. त्या खुणा कशाच्या असतील?

गुणसूत्र यांचे उत्तर

ताई, तुकडा तिथेच ठेवलात हे फार बरे केलेत, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गळालेले शिंगसुद्धा घरी आणता येत नाही. समांतर खुणा साळिंदराच्या दातांच्या असाव्यात. साळिंदरे आणि स्वतः हरणेही कॅल्शियमसाठी अशी शिंगे कुरतडतात. जंगलात दरवर्षी इतकी शिंगे गळूनही आपल्याला ती क्वचित दिसतात, त्याचे हे एक कारण आहे.

आता रक्ताविषयी. शिकवणीच्या सरांचे म्हणणे निराधार नाही, ते अर्धवट आहे. शिंग उगवायचे की नाही, त्याचा साचा कोणता आणि टोके किती, हे जातीच्या जनुकांनीच ठरते. कस्तुरी मृग आणि चिनी पाणहरीण यांना शिंगे नसतात, आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या दोघांमध्येही आरएक्सएफपी-२ नावाचे जनुक निकामी झालेले आढळले. मेंढ्यांमध्ये शिंगे येणे-न येणे आणि त्यांचा आकार यांच्याशीही याच जनुकाचा संबंध आहे. तेव्हा जाती-जातींतला फरक हा रक्ताचाच आहे, यात वाद नाही.

परंतु तुमचा प्रश्न एकाच कळपातील दोन नरांचा आहे, आणि तिथे हिशेब बदलतो. स्कॉटलंडच्या रम बेटावर लाल हरणांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी ठेवल्या गेल्या आहेत. कोणाची आई कोण, बाप कोण, कोणाला किती पाडसे झाली, हे सर्व तिथे माहीत आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार तिथल्या नरांच्या शिंगांच्या आकारातील फरकांपैकी साधारण एक तृतीयांश फरक आनुवंशिक ठरला. मोठ्या शिंगांच्या नरांना पाडसेही अधिक झाली. मग पिढ्यांगणिक शिंगे मोठी होत जायला हवी होती, पण तसे झाले नाही. त्याचे कारण असे सापडले की शिंगेही मोठी आणि पाडसेही जास्त असलेले नर मुळात खाऊनपिऊन सुस्थितीत होते. ती सुस्थिती चाऱ्याची आणि हवामानाची देणगी होती, आणि ती जनुकांतून पुढे जात नाही.

इथे आनुवंशिकता या शब्दाचा अर्थ नीट धरायला हवा. ‘एक तृतीयांश’ म्हणजे कानफाट्याच्या शिंगाचा एक तृतीयांश भाग बापाने दिला, असा अर्थ होत नाही. त्या कळपात, त्या परिस्थितीत, नरानरांमध्ये जो फरक दिसतो त्याची ती वाटणी आहे. सगळ्यांना सारखाच भरपूर चारा मिळाला तर उरलेल्या फरकात जनुकांचा वाटा मोठा दिसेल. एकाला ओढ्याकाठचे गवत आणि दुसऱ्याला डांबरी रस्त्याकडेचा पाचोळा मिळाला तर तोच वाटा लहान दिसेल. प्राणी तेच, जनुके तीच, आकडा वेगळा. माझ्या मते या विषयावरच्या निम्म्या भांडणांचे मूळ या एका गैरसमजात आहे.

आणि बाप बाप करताना आपण आईला विसरतो. मादी चितळाला शिंगे नसतात, पण शिंगांची निम्मी जनुके तिच्याकडूनच येतात आणि ती कशी आहेत हे तिच्याकडे पाहून कळायला मार्ग नाही. त्याखेरीज तिच्या पोषणाचा परिणाम वेगळा. अमेरिकेतील साउथ डकोटा राज्यात नापीक टेकड्यांवरची आणि सुपीक मैदानावरची पांढऱ्या शेपटीची हरणे सारख्याच उत्तम खुराकावर वाढवून पाहिली गेली. टेकडीवरच्या मातांच्या पोटी जन्मलेले नर चांगला खुराक मिळूनही शरीराने आणि शिंगांनी लहानच राहिले, त्यामुळे पहिल्या पिढीत कोणीही म्हणाले असते की रक्तच हलके. पण त्या खुराकावर वाढलेल्या मातांच्या मुलांनी, म्हणजे दुसऱ्या पिढीने, मैदानावरच्या नरांना जवळपास गाठले. जनुके बदलली नव्हती. आई पोटभर जेवलेली होती. रक्ताचा वाटणारा दोष अशा रीतीने आजीच्या उपासमारीचा निघू शकतो.

पहिल्या वर्षीच्या साध्या काट्यांवरून नराला ‘हलक्या वंशाचा’ ठरवण्याची सवय शिकारीच्या देशांत जुनी आहे. टेक्सासमध्ये बंदिस्त कळपांवर झालेल्या प्रयोगांनी तिला काही आधारही दिला. मात्र त्याच राज्यात मोकळ्या रानातील नरांवर खुणा करून त्यांचा पुढे माग काढला गेला, तेव्हा काटेवाले आणि फाटेवाले यांच्यातील अंतर साडेचार वर्षांपर्यंत बहुतांशी मिटलेले दिसले. काट्यांमागे उशिरा झालेला जन्म किंवा आटलेले दूधही असू शकते. चितळाचे पाडस तर कोणत्याही महिन्यात जन्मते. एक आषाढात हिरव्या चाऱ्यात येते, दुसरे चैत्राच्या कोरड्या गवतात. तुमचा कानफाट्या काट्यांनी सुरुवात करून आज हातभर शिंगे मिरवतो आहे, तेव्हा सरांना दाखवायला तुमच्या मुलाकडे स्वतःचाच पुरावा आहे.

कल्याणचा_गाडीवान यांचे उत्तर

मी प्राणिशास्त्र शिकलेलो नाही, पण आमच्या घरी दोन पिढ्या बैल होते, म्हणून जुन्नरच्या काकांची बाजू मांडतो. गाईच्या शिंगाला बुडाशी वळी पडतात. साधारणपणे प्रत्येक वेताला एक, असा जुना ठोकताळा आहे आणि बाजारात म्हातारी माणसे शिंगावरून हात फिरवून गाईची वेते सांगतात. काकांनी तोच हिशेब हरणाला लावला असावा. मास्तरांनी लिहिल्याप्रमाणे गाईचे शिंग टिकणारे आहे, म्हणून त्यावर खूण राहते. हरणाची वही दरवर्षी कोरी होते.

बैलाच्या बाबतीत आम्हीही शिंगावर विश्वास ठेवत नाही. पोळ्याआधी शिंगे साळून, रंगवून, बेगड लावली की सगळेच बैल तरणे दिसतात. वय पाहायचे ते तोंड उघडून: दोनदाती, चारदाती, सहादाती आणि जुळलेला. हरणाचेही दातच पाहत असतील, असे वाटते.

टेकडीमास्तर

अगदी बरोबर, गाडीवान. हरणाचे वय दातांच्या झिजेवरून ठरवतात, आणि अधिक नेमके हवे असेल तर दाताच्या मुळाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरून त्यातले थर मोजतात. जिवंत, मोकळ्या चितळाच्या बाबतीत हे शक्य नाही, म्हणून ताईंसाठी एक साधी युक्ती सुचवतो. छायाचित्रात कान हीच पट्टी धरावी. प्रौढ नराच्या कानाची लांबी वर्षागणिक फारशी बदलत नाही, त्यामुळे शिंग कानाच्या किती पट आहे आणि बुंध्याशी ते किती जाड आहे, हे बाजूने काढलेल्या चित्रावर मोजून लिहावे. शिंगे कडक असतानाचीच चित्रे घ्यावीत. त्या वर्षीचा पाऊस कसा झाला, याचीही एक ओळ शेजारी लिहावी. पहिल्या वर्षीच्या चित्रातला कान मात्र वाढत्या वयाचा आहे, तेव्हा त्या वर्षीचे माप थोडे सैल धरावे.

बोरिवली_पूर्व

मुलाने वही केली आहे. उजवे शिंग दुसऱ्या वर्षी कानाच्या सव्वादोन पट आणि यंदा तिपटीहून थोडे अधिक भरले. सरांना वही दाखवली. ते म्हणाले की पुढच्या वर्षीचे माप बघून बोलू.

आज सकाळी सातच्या सुमारास कानफाट्या पुन्हा दिसला. डाव्या बाजूला नुसता खुंट होता, त्यावर ओली, लालसर खपली धरलेली आणि माशा बसलेल्या. उजवे शिंग अजून जागेवर होते आणि त्या एका बाजूच्या वजनाने तो सारखी मान झटकत होता. डावे शिंग वाटेवर कोठे दिसते का म्हणून आम्ही बरेच पुढे गेलो, पण सापडले नाही.